चाफ्याखालचा पाईप

चाफ्याखाली शेंदूर लावलेला धोंडा दिसला की आजही मी वाट बदलतो. लोक मला भाविक समजतात. समजोत बापडे.

किहीमच्या एका बंगल्यात पोहण्याचा हौद बांधला, तेव्हा आमच्याकडे वीज येऊन दोन-तीन वर्षंच झाली असतील. मालक मुंबईचे, सुट्टीपुरते येणारे. एरवी बाग आणि हौद एक माळी आणि त्याची बायको सांभाळत. हौद भरणाऱ्या पंपाचं वायरिंग माझं. मी ऐन तिशीत होतो, आणि विजेतलं आपल्याइतकं तालुक्यात कुणाला कळत नाही अशी माझी पक्की समजूत होती.

पंपात कुठे वीज फुटली तर ती तारेवाटे जमिनीत पुरलेल्या पाईपात जावी, माणसाच्या अंगात नाही, म्हणून अर्थिंग करतात. त्याला ओली जमीन लागते. बागेत सगळी रेती. ओल सापडली ती एकाच जागी, चाफ्याखाली. तिथल्या शेंदूर लावलेल्या धोंड्यावर माळ्याची बायको रोज तांब्याभर पाणी घालायची.

"तिथं लोखंड नका घालू, भाऊ. राखणदार हाय तिथं," ती म्हणाली.

"वहिनी, राखणदारालाही जरा वीज मिळू दे की!" असं म्हणून मी पाईप ठोकला. माळी हसला. पाईप कशासाठी, हे सांगायची तसदी मी घेतली नाही.

दिवाळीच्या सुमाराला कळलं, माळी गेला. पंप चालू असताना त्यानं ओल्या पायांनी हौदावरचा, पंपाला जोडलेला लोखंडी नळ धरला, तो हातातून सुटलाच नाही. राखणदारानं नेला, असं सगळं गाव म्हणत होतं.

तेराव्यानंतर मालकांनी मला तपासायला पाठवलं. भर दुपार होती, तरी त्या हौदाजवळ जायला मन धजेना. दिव्याची एक वायर नळाला लावली, दुसरी ओल्या मातीत खोचली आणि पंप सुरू केला. दिवा मिणमिणत लागला. मोटार उघडली, तर आतल्या तारांवरचं वेष्टण खाऱ्या हवेनं खाल्लेलं. किनाऱ्यावर हे व्हायचंच. पण मग पाईप काय करत होता?

तारेमागोमाग चाफ्यापाशी गेलो. तार नीट गुंडाळून फांदीला अडकवली होती. खड्डा बुजवून वर नारळ फोडलेला, आणि पाईप कुंपणाला टेकून उभा.

संध्याकाळपर्यंत मोटार काढून ठेवली, नवा पाईप विहिरीच्या कडेला पुरला. हत्यारं आवरत होतो, तेव्हा माळ्याची बायको पोरीला कडेवर घेऊन आली.

"तो मीच उपटला, भाऊ. गणपतीत हिला ताप चढला, उतरंना. मग राखणदाराची माफी मागितली, लोखंड काढलं. तिसऱ्या दिवशी ताप गेला. पण त्याचा राग काय सगळा गेला न्हाय. घरधन्याला नेलंन." तिनं पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. "मी काढला म्हणून ही तरी वाचली. न्हाय का?"

तिचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. मला रडू येत होतं, आणि स्वतःची भयंकर लाज वाटत होती.

"हो, वहिनी," मी म्हणालो. "तुमच्यामुळेच वाचली."