आधी पाय, मग काठी

आमच्या बिलियर्ड्स रूममधल्या गोष्टी क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, निळ्या खडूसारख्या आहेत. शर्टाला कधी लागतात ते कळत नाही, आणि घरी गेलो की बायको विचारते, "आज पुन्हा तिकडंच ना?" सत्तरच्या दशकातलं नागपूर, सदरमधला एक जुना क्लब, एकच टेबल आणि ऑफिस सुटल्यावर जमणारे आम्ही चार-पाच जण. आयुष्यातली सर्वांत चांगली माणसं मला तिथं भेटली. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर हसण्यात राहून जाईल.

*

आमचे गुरू रामटेके काका. सरकारी ऑफिसात हेडक्लार्क, आणि टेबलाशी साक्षात हेडमास्तर! नियम एकच: आधी पाय, मग काठी. नव्या माणसाला क्यू मिळायचाच नाही. त्यानं नुसतं टेबलाशी वाकून उभं राहायचं. काका मागून येऊन एका बोटानं खांदा ढकलत. माणूस डुलला की संपलं!

"बॉल जागच्या जागी बसून हाये, अन् तूच हलून राहिला गा! मारशीन कोणाले?"

कित्येक संध्याकाळी मी रिकाम्या हातांनी वाकून घरी गेलो आहे.

*

आमच्यातल्या वानखेड्यांचं शहराबाहेर वाडीला गोदाम होतं आणि समोर भलं मोठं पोट. वाकले की पोट आधी टेबलाला भिडायचं, क्यू पोटात अडकायचा.

"वानखेडे, पोट बाजूले घ्या!"

"कुठं ठेवू काका? खुंटीले टांगू?"

काकांनी त्यांना तिरपं वळवलं, उजवा पाय मागं घेतला, आणि हात मोकळा झाला! वानखेड्यांना ते इतकं मानवलं की ते सगळीकडंच तसे उभे राहू लागले. एकदा वहिनी सीताबर्डीवर भेटल्या. "भाऊजी, हे देवापुढंही तिरपेच काहून उभे राह्यतात?"

*

एकदा एक नवे साहेब आले. बेलबॉटम, उंच टाचांचे बूट. प्रत्येक फटका टाचेवरून डगमगत जायचा.

"साहेब, बूट काढा."

साहेब लाजले, कारण मोज्यातून अंगठा बाहेर! पण काढले, आणि त्या दिवशी सुंदर खेळले. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळेच अनवाणी. दाराबाहेर चपलांची रांग पाहून एक पाहुणे हात जोडून आत शिरले आणि विचारते झाले, "आरती झाली का?"

*

माझा दोष मानेचा. फटका मारला रे मारला की बॉल पाहायला मान वर! मान उठली की खांदा उठतो आणि काठी वाकडी जाते.

काका म्हणाले, "तू खालीच पाह्य. बॉल कुठं गेला ते मी सांगतो तुले."

मी मारायचो, काका म्हणायचे, "गेला!" पुन्हा मारायचो. "गेला!" माझी छाती फुगत चालली. पुढं कधीतरी वानखेड्यांनी फोडलं, "अबे, निम्मे तर पॉकेटच्या जवळपासही नव्हते!" पण तोवर खरंच जाऊ लागले होते.

*

मग वाडीजवळ ट्रकनं माझ्या स्कूटरला उडवलं. वानखेड्यांनीच उचलून दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण डावा गुडघा वाकेनासा झाला. डॉक्टर म्हणाले, आता हा असाच. वाकून उभं राहायचं तर डावा गुडघाच आधी वाकवावा लागतो, म्हणजे खेळ संपला. मी क्लबात जाणंच सोडलं. संध्याकाळी घरात बसून भिंतीकडं पाहायचो.

वानखेडे भेटायला येत, तेव्हा सांगत, "काका म्हातारे झाले गा. आजकाल माझ्याकडूनही हारून राहिले!" मला वाईट वाटायचं.

एक दिवस वानखेडे मला उचलूनच घेऊन गेले. टेबलाशी फरशीवर निळ्या खडूनं दोन पावलं काढली होती. नेहमीपेक्षा फाकलेली, डावं बाहेरच्या अंगाला वळलेलं.

"इथं उभा राह्य," काका म्हणाले.

राहिलो. गुडघा ताठच, पण मी पुरता खाली आलो, हनुवटी काठीला टेकली. काकांनी बोटानं खांदा ढकलला. हललो नाही.

"दे रे याले काठी!"

मी मारलं. मान खालीच ठेवली. तशीही डोळ्यांतून काही दिसत नव्हतं.

"गेला!" या वेळी सगळेच ओरडले.

त्यानंतर आम्ही बरीच वर्षं खेळलो. काकांचा डावा पाय मात्र टेबलाशी पुन्हा कधी वाकला नाही, माझ्यासाठी ती पावलं शोधताना तो ताठ ठेवून खेळायची सवयच जडली होती. एकदा एका नव्या मेंबरनं विचारलं, "काका, तुमच्या गुडघ्याले काय झालं?"

काकांनी काठीनं माझ्याकडं दाखवलं.

"माझा नोहे. त्याचा हाये."