साखरबाईंच्या गाडीचा पट्टा

राहू गावात आमच्या घराला लागून साखरबाईंची पिठाची गिरणी आहे. दळण घेऊन जाणाऱ्या बाईला तिथं पीठ मिळतं आणि वर धाकट्या जावेच्या चार गोष्टी ऐकायला मिळतात. साखरबाई तशा मनानं मोठ्या. कुणाच्या घरात आजारपण असेल तर त्याचं दळण आधी काढतील, डब्यात आपलं मूठभर पीठ जास्तीचं घालतील. फक्त अनिता नवी साडी नेसून समोरून गेली, की यांचा हात जात्याच्या तोंडाशी थबकतो आणि पीठ जाडंभरडं पडतं. आम्ही बायका ते बघूनच ओळखतो, आज काहीतरी नवीन आलंय शेजारी.

अनिता म्हणजे त्यांच्या धाकट्या दिराची, रविराजची बायको. दोन भावांच्या घरांत एकच भिंत. अनिता वाईट नाही. बोलायला गोड, राहायला नीटनेटकी, कुणाच्याही कार्यात पुढं. साखरबाईंचं दुखणं तेच होतं. वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

आणि सगळ्या दुखण्याच्या मुळाशी सुमित. हा नणंदेचा धाकटा मुलगा, वडगाव रासाईचा. शाळेला मामाकडं राहूला होता. साखरबाईंनी त्याला न्हाऊ घातलं, ताप आला की मांडीवर घेऊन बसल्या, त्याच्या डब्याला रोज भाकरी थापली. त्यांना स्वतःचं मूल नाही. अनिता लग्न होऊन आली तेव्हा सुमित कॉलेजला निघून गेला होता. म्हणजे अनिताला आयता, शिकलेला, हसून बोलणारा भाचा मिळाला. आणि तो सुट्टीत आला की आधी कुणाच्या दारात चप्पल काढतो, हे साखरबाई गिरणी चालू ठेवूनही बघत.

आमच्या भागात नवरदेवाची गाडी मामानं आणायची. फुलं लावून सजवायची, मारुतीच्या देवळापासून कार्यालयाच्या दारापर्यंत नवरदेव त्यातून येतो, आणि पुढच्या सीटवर कोण बसलं होतं ते भावकी वर्षभर विसरत नाही. सुमितच्या थोरल्या भावाच्या लग्नात रविराजची नवीकोरी पांढरी गाडी होती आणि पुढं अनिता होती, काळा चष्मा लावून. तो फोटो तिनं स्टेटसला ठेवला. साखरबाई मला म्हणाल्या, “मी कशाला बघतीय तसलं!” आणि मग त्या फोटोत अनिताच्या गळ्यात काय काय होतं ते सगळं सांगितलं.

म्हणून सुमितचं लग्न ठरल्याबरोबर साखरबाईंच्या दारात तांबडी गाडी आली. जुनी, डिझेलवरची, शिरूरच्या एका निवृत्त मास्तरांची. मास्तरांनी जपून वापरलेली दिसत होती. हौसराव, म्हणजे साखरबाईंचे यजमान, रोज सकाळी ती पुसत आणि साखरबाई ओट्यावरून सांगत, “तिकडची काच ऱ्हायली. भिंतीकडची.” भिंतीकडची काच अनिताच्या खिडकीतून दिसते.

गाडी बघायला अनिताही आली. हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला, सगळं रीतीनं केलं. आणि जाता जाता म्हणाली, “आक्का, गाडी झ्याक हाय बघा. फकस्त टायमिंगचा पट्टा बघून घ्या. आमच्या ह्यांच्या दोस्ताचा चालत्या गाडीत तुटला, सगळं इंजन गेलं.”

साखरबाई तिच्यापुढं हसल्या. ती गेल्यावर माझ्याकडं वळल्या.

“वैनी, ऐकलं न्हवं? माझी सारी हयात गिरणीच्या पट्ट्यात गेली. आन् ही मला पट्टा शिकवती!”

“तिनं चांगल्यासाठीच सांगितलं असंल.”

“चांगल्यासाठी? पोटात दुखतंय तिच्या. माझी गाडी गॅरेजात पडावी, आन् लग्नात परत तिचीच मिरवावी, एवढंच हाय ते.”

पण पट्टा डोक्यात शिरला तो शिरलाच. हौसरावांना बॉनेट उघडून गाडी चालू करायला लावायची आणि आपण कान लावून उभं राहायचं, हा त्यांचा नेम झाला. गिरणीचा पट्टा त्यांना आवाजावरून कळतो. सैल झाला की फडफडतो, घसरायला लागला की किंचाळतो, शिवण उसवली की जॉइंट फिरताना दर फेऱ्याला टप् वाजतो. मग त्या राळ लावतात, नाहीतर बदलतात. “पट्टा आधी बोलतोय, मग तुटतोय,” हे त्यांचं ठाम मत. तांबडी गाडी तर एका सुरात चालत होती. साखरबाईंचं समाधान झालं.

लग्न परवावर आलं तेव्हा हॉर्न आणि पुढचा दिवा बघून घ्यायला गाडी भांडगावला नेली. हायवेला धम्मदीपचं गॅरेज आहे. मलाही तिकडं काम होतं, म्हणून मागं बसले. हॉर्न झाला, दिवा झाला. साखरबाई उगाच इकडंतिकडं बघत म्हणाल्या, “धम्मदीप, आता बॉनेट उघडंच हाय तर त्यो टायमिंगचा पट्टा बघ की जरा. कुणी सांगितलं म्हणून न्हाई. सहज.”

त्यानं वरचं झाकण सैल करून बाजूला केलं, बॅटरीचा उजेड टाकला. साखरबाई त्याच्याआधी वाकल्या. काळा, दातेरी पट्टा. चीर नाही, धागा सुटलेला नाही. त्यांनी बोटानं दाबून बघितला.

“बघा! ताठ हाय. आवाज न्हाई काय न्हाई. झाक त्ये.”

“काकी, याच्यावरून कळत न्हाई,” धम्मदीप म्हणाला. “तुमच्या गिरणीचा पट्टा तुटला तर जातं थांबतंय, बाकी काय न्हाई. ह्यो तुटला तर वरचं वाल्व्ह आन् खालचं पिस्टन एकमेकावर आदळत्यात. आन् ह्यो तुटायच्या आधी बहुतेक बोलत न्हाई. याचं किलोमीटर बघायचं आन् वर्षं बघायची, जे आधी भरंल तवा बदलायचा. गाडी कमी पळाली तरी रबर म्हातारं व्हतंच की. कवा बदललाय?”

“मास्तर म्हणलं, बदललाय.”

“बिल? न्हाईतर हितं आत स्टिकर लावत्यात, किती किलोमीटरला बदलला त्याचा. त्यो बी दिसत न्हाई.”

साखरबाईंनी डोळे बारीक केले. “खरं सांग. तुला अनिताचा फोन आलावता का?”

“कोण अनिता?”

हौसराव तोंड फिरवून खोकले. मी हायवेवरचे ट्रक बघत राहिले.

“लग्नापुरती चालंल का, तेवढं सांग. राहू ते वडगाव, तितनं कार्यालय.”

“चालंल बी. वर्षभर बी चालंल. आन् गेटातनं बाहेर पडताना बी तुटंल. मी हो म्हणू शकत न्हाई, काकी. सामान पुण्यावरनं यायचं, पट्ट्यासंगं पुली आन् वॉटर पंप बी बदलायचा. लग्नाच्या आत गाडी मिळायची न्हाई.”

साखरबाईंनी तिथंच मास्तरांना फोन लावला, स्पीकर चालू ठेवून. मास्तर फार सज्जनपणे बोलले. पट्टा बदललेलाच असणार म्हणाले. कधी? “बहुतेक मुलगी बाळंतपणाला आली होती त्या सुमारास.” कुठल्या गॅरेजात? “आता तेवढं लक्षात नाही बघा.” मोठा होता का, किती दिवस गाडी नव्हती? “पट्टा ना? छोटासा असतो हो, लगेच होतं. किंचाळत होता, म्हणून बदलला.”

धम्मदीपनं बोट दाखवलं. इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला दुसराच एक पट्टा होता, उघडा, एसीकडं गेलेला. “मास्तरांनी बदलला त्यो ह्यो. किंचाळणारा ह्यो असतो.”

साखरबाईंनी फोन बंद केला. त्यांच्या गिरणीचा कुठला पट्टा कुठल्या सणाला घातला हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. त्यामुळं मास्तरांच्या आठवणीवर त्यांचा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. तरी त्या निघाल्या नाहीत. गॅरेजच्या बाकावर बसून गाडीकडं बघत राहिल्या. हौसराव म्हणाले, “नेऊ या का मग? एवढं काय व्हतंय एका दिवसानं?”

“व्हय, न्या,” त्या म्हणाल्या. आणि जरा वेळानं, “आन् मागं कोण बसणार हाय?”

“सुमित. नवरदेव.”

“मग कशी न्यायची?” त्या नवऱ्यावरच ओरडल्या, जणू तोच हट्ट धरून बसला होता. “किल्ली द्या धम्मदीपला. आन् तुमच्या भावाला सांगा, गाडी धुऊन ठिव म्हणावं. मी न्हाई सांगणार.”

येताना आम्ही वडापच्या जीपनं आलो.  केडगाव मागं पडल्यावर साखरबाई एवढंच म्हणाल्या, “तिचं खरं झालं, वैनी. तेवढं तरी खोटं व्हायचं व्हतं.”

लग्नाच्या दिवशी पांढरी गाडी झेंडूनं सजली. अनितानं साखरबाईंचा हात धरला. “आक्का, तुम्ही बसा पुढं. तुमचाच मान हाय.” सगळे बघत होते. साखरबाईंना ती सीट किती हवी होती हे मला ठाऊक होतं. पण तिनं दिलेली? “नगं गं बाई, मला गाडी लागती,” त्या म्हणाल्या आणि आम्हा बायकांबरोबर टेम्पोत चढल्या. अख्ख्या रस्त्यात टेम्पोनं एवढे हिसके दिले, तरी त्यांना काही लागलं नाही. फक्त पुढं चाललेल्या पांढऱ्या गाडीवरची त्यांची नजर हलली नाही. “हार वाकडा लावलाय,” मध्येच म्हणाल्या. हार सरळच होता.

लग्नानंतर गाडी आणायला गेल्या तेव्हा धम्मदीपनं काढलेला पट्टा उलटा वाकवून दाखवला. दातांच्या बुडाशी केसासारख्या बारीक चिरा होत्या. “म्हंजी लग्नात तुटला असता?” त्यांनी आशेनं विचारलं. “कुणाला म्हायती,” तो म्हणाला. साखरबाईंना ते उत्तर अजिबात आवडलं नाही. एवढा मान सोडला, त्याची पावती तरी पक्की पाहिजे होती.

मात्र जेजुरी शिल्लक होती. नवं जोडपं खंडोबाला न्यायचं, आणि वडगावहून जेजुरी म्हणजे लग्नाच्या वाटेपेक्षा कितीतरी लांबचा पल्ला. साखरबाईंनी नणंदेला फोन करून ते आधीच ठरवून टाकलं. तांबडी गाडी हौसराव चालवणार, पुढं साखरबाई, मागं सुमित आणि नवी सून. मागं एक जागा उरत होती. “धाकट्या मामीला घेऊ की,” सुमित म्हणाला, “तिच्याबिगर मजा न्हाई.” नाही कसं म्हणणार? मलाही वाटलं, बरं झालं, बघू दे तिला मागं बसून.

पुढं काय झालं ते हौसरावांनीच गिरणीत सांगितलं, साखरबाई चाळणी आपटत असताना. वडगावहून जोडप्याला घेऊन निघाल्या तेव्हा साखरबाई डोईवरचा पदर सारखा करून राणीसारख्या पुढं बसल्या. इंजिन सुरेख चालत होतं. पण मागं अनिता काहीतरी बोलायची आणि सुमित खो खो हसायचा. नवी सूनही हसायची. काय बोलताहेत ते पुढं नीट ऐकू येईना. साखरबाईंनी आरसा आपल्याकडं वळवून घेतला. हौसरावांनी तो परत फिरवला. साखरबाईंनी परत वळवला. हौसराव म्हणाले, “अगं, मला मागची वाहनं दिसंनात.”

चौफुल्याला चहा झाला. सगळे गाडीकडं आले तर साखरबाई मागच्या दारापाशी उभ्या, सुमितच्या शेजारची जागा अडवून.

“अनिता,” त्या म्हणाल्या, “तू बस पुढं.”