कूलरच्या गवताचा व्हिडिओ
ओल्या वाळ्याचा वास आला की शहरातल्या गारखेडा भागातल्या आमच्या कूलरच्या दुकानातला एक दुष्काळी उन्हाळा आठवतो. तेव्हा नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, आणि शहरात नव्यानं आलेली माणसं पत्र्याच्या खोल्यांत भाजून निघत होती. कूलरचं गवत घरीच कसं बदलायचं आणि कमी पाण्यात तो कसा चालवायचा, याचा व्हिडिओ मी फोनवर करून सगळ्यांसाठी फुकट टाकला. दुसऱ्याच दिवशी शेजारचा कूलरवाला तावातावानं आला. "वहिनी, डिलीट करा तो. समदं फुकट शिकवलं तर आपल्याकडं कोण येईल?" गवत बदलायच्या कामावरच आमचा उन्हाळा निघायचा. भीती मलाही वाटत होती, तरी मी म्हणाले, "नाय करणार," आणि त्याच्यासमोरच पंप साफ करायचा दुसरा व्हिडिओ सुरू केला. पुढं काही दिवस दुकान खरंच ओस पडलं. मग सिल्लोडहून एक बाई नवा कूलर घ्यायला आल्या. म्हणाल्या, "ताई, गवत मीच बदललं तुमचं बघून. तुम्ही काय लपवत नाय, म्हणून इतक्या लांब आले." त्यांच्या मागोमाग आणखी गिऱ्हाइकं आली. आता तो शेजारीही व्हिडिओ टाकतो, पण खरी युक्ती दुकानात आल्यावर सांगतो. मी अजून एकही राखून ठेवलेली नाही.