खातूनच्या अर्ध्या गोळ्या

खातून गेली, हे तिच्या सुनेनं सांगाच्या आधी लोकायची कुजबुज कानावर आली. "गोळ्या चालू होत्या म्हनते. साऱ्या एकदम खाल्ल्या असतीन." मी पदराची गाठ चाचपली…

चांदूर बाजारात मी फुलं विको, अन् बाजूले खातून बांगड्या भरे. थे नापिकीची वर्सं. जिले दिवाळीले बांगड्या भरल्या, थेच बाई पोळ्याले, नवरा गेल्यावर, मोकळ्या हातानं समोरून जाय. असं लय डाव झालं. मंग कोनी हात समोर केला का खातूनची छाती धडधडे, बांगडी बोटातच फुटे.

मी तिले अमरावतीले डॉक्टरनीबाईकडे नेलं. तिनं गोळ्या लेहून देल्या, पन मले गोळीचाच संशय. "नशेची तं नाई न हे?"

"दुख नाई जात आजी गोळीनं. जीव उगाच घाबरते, थो शांत होते. पन सवय लागू शकते, म्हनून थोडेच दिवस. संगं दारू नाई, झोपेचं दुसरं औषध नाई, दुसऱ्याले देनं नाई. अन् मनानं एकदम बंद करू नका, मी सांगीन तशी कमी करा." मंग मले बाजूले घेऊन म्हने, "गोळ्या तुमच्याजवळ ठेवा."

काऊन माह्याजवळ? तवापासून माह्या मनात किडा वळवळे. बाजार उठला का गाठ सोडो, गोळी देवो, अन् पाहो. जिभेखाली धरून साचवत असन तं?

"आ कर."

"मी काय बैल हाव का वं, दात पाह्यतं?" हासे, पन आ करे.

पुढं डॉक्टरनीनं अर्धी केली. मी लगेच, "दुसरी अर्धी कुठी गेली?"

"तुह्याच पदरात हाय, चोट्टे!"

हळूहळू तिचा हात थिर झाला. एक दिवस मोकळ्या हाताची बाई पोरीले घेऊन आली. खातूननं पोरीच्या हातात बांगड्या भरल्या. एकही फुटली नाई.

अन् आता हे. गावातला डॉक्टर म्हने, झोपेत हृदय बंद पडलं. लोकायले पटलं नाई… खरं सांगू, मलेही नाई. सुनेले म्हटलं, पेटी उघड. बांगड्यायचे कागद, अस्तर, सारं उलटंपालटं केलं. काच निघाली, गोळी नाई. मंग ओट्यावर आली, साऱ्यायसमोर गाठ सोडली. "हे पाहा राहिलेलं पाकीट. मी देवो तवाच थे खाय." कोनी वर पाह्यलं नाई. जाता जाता एक बाई हळूच म्हने, "मले दे न एक, झोप नाई येत." म्हटलं, "डॉक्टरनीले इचार."

पाकीट डॉक्टरनीले वापस देलं. गाठ रिकामी हाय. पन बाजार उठला का हात तिकडेच जाते, अन् बाजूच्या मोकळ्या जागेकडे पाहून तोंडातून निघते… आ कर.