वंशावळीतली लाल रेघ

निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात, बागेत टाळ्या वाजवून हसतात. मी लोकांच्या वंशावळी काढून देते. वारज्यात आमच्या सोसायटीत कुणाच्या मुलाला राखीव जागेवर प्रवेश मिळाला, की पेढे नंतर येतात, आधी कागदांची पिशवी येते. प्रवेश म्हटला की जात पडताळणी आली आणि पडताळणी म्हटली की आजोबा-पणजोबांचे दाखले आले. आम्ही बौद्ध. जी जात आमच्या आधीच्या पिढीने टाकून दिली, तिचाच जुना पुरावा सरकार आमच्याकडे मागतं, आणि तो शोधण्यात मी तरबेज आहे. शाळेचं जनरल रजिस्टर कुठल्या कपाटात सापडतं, कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या वहीतली मोडी कोण वाचून देतं, सगळं मला पाठ आहे. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करायला बसलं की मी दरडावून सांगते, एकही माणूस गाळायचा नाही. मेलेला असो, भांडलेला असो, दुसऱ्या बायकोचा असो. हे सांगताना माझी जीभ कधी अडखळली नाही. आता त्याची लाज वाटते.

गेल्या पावसाळ्यात एक मुलगी दारात उभी राहिली. कात्रजहून दोन बस बदलून आली होती. ओली छत्री कुठे ठेवायची ते विचारलं आणि लगेच म्हणाली, "आत्या, मी..." आणि तिने वडिलांचं नाव सांगितलं. तिचे वडील कात्रजच्या डेअरीत कामाला आहेत. माझे वडील आणि तिचे आजोबा चुलतभाऊ, म्हणजे नात्याने मी तिची आत्याच. पण आजवर तसं मला कुणी म्हटलं नव्हतं, कारण मी त्या घराची पायरीच चढले नव्हते.

तिला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली होती. ठरलेल्या तारखेच्या आत व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणीचं प्रमाणपत्र, दिलं नाही तर जागा जाणार होती. त्यांच्या घरात जुना एकही दाखला नव्हता. पणजोबा शाळेत गेलेच नव्हते आणि गावची कोतवालाची वही वाळवीने खाल्लेली. मग गावात कुणीतरी सांगितलं, पुण्यातल्या तुमच्या आत्याला व्हॅलिडिटी मिळालीये, रक्ताचं नातं आहे, तिचं प्रमाणपत्र जोडा. तिने ते माहितीच्या अधिकारात मिळवून जोडलं. त्यावर पडताळणी समितीचं पत्र आलं होतं. मी चष्मा लावून वाचलं. अर्जदाराची वंशावळ आणि आप्त म्हणून दाखवलेल्या महिलेने पूर्वी शपथेवर दिलेली वंशावळ यांत तफावत आहे. आप्ताच्या वंशावळीत अर्जदाराच्या शाखेचा उल्लेखच नाही, खुलासा करावा. आप्त महिला म्हणजे मी.

मुलीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशयही नव्हता. "टायपिंगमध्ये राहून गेलं असेल ना, आत्या?" ती म्हणाली.

"हो, राहून गेलं असेल," मी म्हणाले आणि चहा ठेवायला उठले.

राहून गेलं नव्हतं. ते नीट सांगायचं तर पणजोबांपासून सुरुवात करावी लागते. माझ्या पणजोबांची दोन लग्नं झाली. पहिल्या बायकोचा मुलगा म्हणजे माझे आजोबा. ते रांगत होते तेव्हा त्यांची आई वारली. घरात बाई हवी म्हणून पणजोबांनी एका विधवेशी पाट लावला. आमच्यात विधवेचं पुन्हा लग्न होई, त्याला पाट म्हणत. तिला एक मुलगा झाला आणि दोनेक वर्षांत पणजोबाही गेले. दोन्ही पोरं तिने एकटीने वाढवली. सवतीच्या पोराचं पुढचं घराणं आमचं. तिच्या स्वतःच्या पोराचं पुढचं घराणं या मुलीचं. एवढी साधी गोष्ट. पण आमच्या घरात त्यांना "पाटाच्या बाईची पोरं" म्हणत. सगळी उच्चनीचता सोडली म्हणून दर पौर्णिमेला विहारात बसायचं आणि घरी आल्यावर भावकीत वरचे-खालचे ठरवायचे, ही करामत आम्हाला साधलेली होती.

मी चाळिशीला आले तेव्हा कचेरीत बढती आली आणि पडताळणीचं पत्रही आलं. वडिलांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने वंशावळ काढून दिली. वर पणजोबा, खाली दोन बायका, दोन मुलगे, दोन्हीकडची पोरंबाळं. त्यात मुली नव्हत्या. मी वडिलांशी भांडले. आत्यांची नावं का नाहीत, बायका वंशात नसतात का, असं बरंच काही बोलले आणि चारी आत्यांची नावं घालायला लावली. मग पक्की प्रत करायला बसले. बढतीच्या फायलीसाठी लाल पेन हातात होताच. त्या पेनाने मी वडिलांच्या कागदावर पाटाच्या बाईवरून रेघ सुरू केली आणि तिच्या सगळ्या शाखेवरून खाली ओढत नेली.

कारण मला चांगलं ठाऊक होतं. वंशावळीत नाव आलं की दक्षता पथकाचा माणूस त्या नातेवाइकाच्या घरी चौकशीला जातो. या मुलीचे आजोबा, माझे चुलतकाका, तेव्हा शहरात सफाई कामगार होते आणि सफाई कामगारांच्या वसाहतीत राहत होते. चौकशीचा अहवाल आमच्या कचेरीत येणार, तो कोण कोण वाचणार, हे मी मनात मोजून पाहिलं. टेबलाशेजारच्या बाई माझ्या डब्यातली भाजी घ्यायला लागून फार दिवस झाले नव्हते. मला झाडूवाला काका नको होता. बस्स, इतकंच. याला दुसरं कोणतंही चांगलं नाव नाही.

वडिलांनी पक्की प्रत वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "त्यांची नावं?"

मी म्हटलं, लांबचे आहेत, गरज नसते. दोन बायका दिसल्या की उगाच शंका काढतात. "तू शिकलेली. तुला कळतं," वडील म्हणाले आणि त्यांनी सही केली.

मुलगी आली त्या दिवशी मी हे सगळं गिळलं आणि कामाला लागले. काम करताना मला बरं वाटतं, अपराधी माणसाला वाटतं तसं. दुसऱ्याच आठवड्यात आम्ही दोघी गावच्या शाळेत गेलो. खडकवासल्याच्या पुढे, धरणाचं पाणी उजवीकडे ठेवून बस बरीच आत जाते. माझ्या आजोबांच्या शाळाप्रवेशाची नोंद हाच माझ्या प्रमाणपत्राचा मुख्य पुरावा होता आणि त्याची ताजी नक्कल समितीने मागितली होती. मुख्याध्यापिकाबाईंनी कापडी बांधणीचं रजिस्टर उघडून दिलं. मुलीने त्या ओळीवरून बोट नेलं. नाव, जात, जन्मगाव, आणि मग पालकाच्या रकान्यात एका बाईचं नाव.

"ही कोण, आत्या?"

"तुझी खापरपणजी," मी म्हणाले. "पाटाची." तो शेवटचा शब्द सवयीने निघाला. मला तिथल्या तिथे थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

ती रजिस्टरावर वाकून राहिली. मग तिने विचारलं, हिने सवतीच्या मुलाला शाळेत घातलं, तर स्वतःच्या का नाही? याचं उत्तर माझे वडील गावच्या बोलीत सांगायचे, तेच मी तिला सांगितलं: "गुरामागं एकाला तर जायाच पायजे. आईबिगर पोर हाय, त्याला गुरामागं धाडलं तर लोक सावत्र म्हनतील. म्हनून तिनं आपलं धाडलं."

हे मला लहानपणापासून माहीत होतं. पालकाच्या रकान्यातलं नावही मी बढतीच्या वेळी वाचलं होतं. जिने मास्तरापुढे उभं राहून माझ्या आजोबांची जात लिहवून घेतली, तिच्याच ओळीवर माझं प्रमाणपत्र उभं होतं. आणि त्यांच्या घरात जुना दाखला नाही, कारण तिने आमच्या घरात तो होऊ दिला. मुलीने मोबाइलवर त्या नावाचा फोटो काढला. परतीच्या बसमध्ये तो मोठा करून करून बघत होती.

सुनावणीआधी मी नवं प्रतिज्ञापत्र केलं. त्यात लिहिलं, सदर शाखा अनवधानाने नमूद करावयाची राहून गेली. सरकारी भाषेत लाज झाकायला शब्दांची कमी नाही. खरं लिहिलं तर खोटी शपथ घेतल्याचं कबूल केल्यासारखं होतं. प्रमाणपत्र पुन्हा तपासायला निघालं तर? निवृत्तिवेतनाला हात लागला तर? मी घाबरले होते. तरी निघताना जुन्या फायलीतून वडिलांचा कॅलेंडरचा कागद काढून मी पर्समध्ये घातला. कचेरीत आयुष्य काढलेला माणूस कागद टाकत नाही. तो बाहेर काढायचा की नाही, ते मात्र ठरवलं नव्हतं.

सुनावणीत समोरच्या अधिकारी शांतपणे बोलणाऱ्या होत्या. त्यांनी माझं प्रतिज्ञापत्र वाचलं आणि बाजूला ठेवलं. मग माझी जुनी फाईल उघडली आणि मुलीला म्हणाल्या, एक अडचण आहे. या प्रकरणात दक्षता पथक तेव्हा तुमच्या आजोबांकडेही गेलं होतं.

मला हे माहीत नव्हतं. आडनाव एकच दिसल्यामुळे चौकशीचा माणूस आपण होऊनच त्या वसाहतीत गेला होता. त्याने काकांना माझी वंशावळ वाचून दाखवली होती आणि जबाब घेतला होता. अधिकारीबाईंनी तो मोठ्याने वाचला. "वंशावळ मला वाचून दाखवली. ती बरोबर आहे. आमचे आडनाव एक आहे, परंतु आमचे अर्जदार बाईंशी नाते नाही." खाली काकांची सही होती, एकेक अक्षर सुटं काढलेली.

"तुमच्या आजोबांनीच नातं नाकारलंय," त्या मुलीला म्हणाल्या. "आता आम्ही कुणाचं खरं मानायचं?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असणार, आत्या सांगेल काहीतरी. काका आता नाहीत, पण मला ते आठवले. माझे वडील गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला ते आले होते. खुर्च्या लावल्या, उचलल्या, जेवले सगळ्यांच्या शेवटी. निघताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले होते, "झालं ना बाई तुझं काम? बरं झालं." ते बढतीबद्दल विचारतायत असं मला वाटलं होतं. मी घाईत हो म्हणून आत गेले होते. आपलं नाव गाळलेलं त्यांनी कानांनी ऐकलं होतं आणि माझी वंशावळ खोटी ठरू नये म्हणून स्वतःलाच परकं करून घेतलं होतं. मग वर येऊन विचारलं होतं, झालं ना.

मी पर्समधून कागद काढून टेबलावर पसरला.

"ते खोटं बोलले," मी म्हणाले. "माझं काम अडू नये म्हणून. हे माझ्या वडिलांचं अक्षर आहे. ही शाखा त्यांनी लिहिली होती. लाल रेघ माझी."

अधिकारीबाईंनी कागद जवळ ओढला, मग माझं प्रतिज्ञापत्र पुन्हा हातात घेतलं. "इथे तर अनवधानाने लिहिलंय."

"अनवधानाने नाही. मुद्दाम."

त्यांनी प्रतिज्ञापत्र खाली ठेवलं. मग माझा जबाब नव्याने लिहून घेतला, मूळ कागद फायलीला लावला आणि सांगितलं, तुमच्या शपथेबद्दल काय करायचं ते नंतर कळवू. मी सही केली.

बाहेर व्हरांड्यात मुलीने विचारलं, "का पण?" एवढंच. पोरगी हुशार आहे, तिला गुळमुळीत उत्तर चाललं नसतं.

"तुझे आजोबा झाडूकाम करायचे म्हणून," मी म्हणाले.

तिने पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं, पाणी न पिता पुन्हा लावलं. आजोबांनी तिला सायकल शिकवली होती, तिच्या वह्यांना दर जूनला कव्हरं घातली होती, हे तिनेच मला गावच्या बसमध्ये सांगितलं होतं. मी माफी मागितली. ती म्हणाली, ठीक आहे, मला बस आहे. मी रिक्षा करू म्हटलं तर नको म्हणाली.

महिन्याभराने, मुदतीला चार दिवस राहिले असताना, तिचा फोन आला. मागे घरात सगळे मोठमोठ्याने बोलत होते, भांड्यांचा आवाज येत होता.

"मॅडम, व्हॅलिडिटी मिळाली," ती म्हणाली. "तुम्हाला कळवायला पप्पांनी सांगितलं."