देता येईल असं पुस्तक

परतूरच्या बाजारात म्हशीसाठी सरकी घ्यायला गेलेला माणूस सरकी-पेंड विकणाऱ्या चाचांच्या दुकानातून कादंबरीही घेऊन परतायचा. नको म्हणायची सोय नव्हती. गल्ल्यामागच्या कपाटात चाचांचं वाचनालय होतं. ना वर्गणी, ना नोंद. पुस्तक हातात कोंबताना ते बजावत, "पसंत न्हाई पडलं तर वापस आणा, पण उगा ठेवू नका. पुस्तक फिरतं पाहिजे."

आठवडा झाला की चाचा घरी हजर. चहा घेता घेता विचारणार, कुठवर आलात. न वाचता थाप मारली, तर पुढचे दोन प्रश्न असे टाकत की बोबडी वळावी. घरात उर्दू बोलणारा हा माणूस एका मराठी कादंबरीतल्या सुनेची बाजू घेऊन माझ्याशी तासभर भांडला होता.

मग डोळे अधू झाले. छापलेली अक्षरं दिसेनात, तसे चाचा गिऱ्हाइकांवर खेकसू लागले. पुण्याच्या मुलाने, सलीमने, ई-पुस्तकं वाचायचं यंत्र आणून दिलं. अक्षर हवं तेवढं मोठं होतं म्हटल्यावर स्वारी खूश. मी छापील पुस्तकांचं कौतुक सांगायला गेलो, तर मलाच झापलं, "कागदाला काय चाटायचंय? मला वाचायचंय."

पण पहिली कादंबरी संपली आणि चाचा अडले. ती आता मला द्यायची कशी? सलीमने फोनवर समजावलं, अब्बा, ज्याला हवी त्याने आपली विकत घ्यायची. चाचा दिवसभर ते यंत्र उलटंसुलटं करून पाहत बसले.

"दुसऱ्याला देता येत न्हाई, तर मंग हे पुस्तक कशाचं?" संध्याकाळी एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चार्जरसकट ते यंत्रच माझ्या हातात कोंबलं. माझ्यानंतर ते सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे गेलं. तेवढे दिवस चाचांना स्वतःला एक ओळही वाचता यायची नाही. मी रागावलो. ते म्हणाले, "नर्सबाई सांगून राह्यल्या ना गोष्ट. बराबर सांगतात." पण त्यांचा जीव तळमळतोय, हे मला दिसत होतं.

गेल्या हिवाळ्यात चाचा गेले. सलीम दुकान आवरायला आला. कपाटातली पुस्तकं त्याने शाळेला दिली. अब्बांची आठवण म्हणून त्याला फक्त ते यंत्र हवं होतं, आणि ते दुकानात नव्हतं. मी त्याला नर्सबाईंच्या घरी नेलं. बाईंनी ते पदराने पुसून पुढे केलं. थोडीच पानं राहिली होती, असं म्हणून ओशाळल्या.

सलीमने ते हातात घेतलं, बाई थांबल्या होत्या ते पान पाहिलं. मग परत त्यांच्याच हातात दिलं. "वाचून घ्या. झालं की मला नका पाठवू. पुढं कुणाला द्यायचं, ते तुम्हीच ठरवा."

चाचांच्या मातीला मी रडलो नव्हतो. त्या दारात रडलो.