पिराजी पेंटरची द्विमान भिंत

कसबा बावड्यात पिराजी पेंटरला ओळखत नाही असा माणूस हवा असेल तर तो नव्या अपार्टमेंटांतच सापडेल. जुन्या गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. उसानं भरून कारखान्याकडं निघालेल्या ट्रॉल्यांच्या पाठीमागं जे काही लिहिलेलं असतं, तेही बहुतेक त्याचंच. साठी उलटली तरी हात कापत नाही. ब्रश टेकवला की वेलांटी एका दमात वर जाऊन खाली येते, आणि रस्त्यानं जाणारा माणूस सायकल थांबवून बघत राहतो.

स्वभाव मात्र तिरका. आपल्याला जे वाचता येत नाही ते रंगवायचं नाही, ही त्याच्या उस्तादाची शिकवण, आणि ती पिराजीनं देवाच्या शपथेसारखी पाळली. एकदा निपाणीकडच्या एका गृहस्थानं कानडी पाटी करायला दिली, तर हा पठ्ठ्या आठ दिवस शेजाऱ्यांच्या बेळगावकडच्या सुनेकडून कानडी अक्षरं शिकत बसला. गृहस्थ वैतागले. पण पाटी अशी झाली, की त्यांच्या गावच्या लोकांनी पेंटर कुठल्या तालुक्यातला म्हणून चौकशी केली.

मग फ्लेक्स आला. वाढदिवस कुणाचाही असो, चौकात गॉगल घातलेल्या चेहऱ्यांची रांग लागू लागली आणि पिराजीचे ब्रश टर्पेंटाइनच्या डब्यात वाळून गेले. चौकातून जाताना तो मान खाली घालायचा. कुणाला वाटायचं म्हातारा नम्र झाला. नम्र कसला, त्याला ते फ्लेक्स डोळ्यांपुढं नको असायचे.

अशात शाळेचं बोलावणं आलं. शाळेला भिंती बोलक्या करायच्या होत्या, म्हणजे मुलांना जाता-येता वाचता येईल असं काही त्यांवर रंगवायचं होतं. गणिताच्या निशिगंधा मॅडम कोडोलीच्या, तिशीतल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी पहिल्या भिंतीसाठी गणितातली नावाजलेली समीकरणं लिहून दिली. पिराजीनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि परत दिला.

"मॅडम, ह्येचा अर्थ काय हाय ते आदी सांगा. मलाच न्हाय कळलं तर पोरास्नी माझ्या भिंतीवरनं काय कळायचं?"

मॅडमनी पहिल्याच समीकरणावर बोट ठेवलं. a² + b² = c². "मामा, मोठ्या बोर्डाचा कोपरा काटकोनात हाय का न्हाय, ते कसं बघता तुमी?"

"त्यात काय! एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट खूण करायची. तिरकं पाच फूट आलं की कोपरा बरोबर. उस्तादांनी शिकीवलंय."

"मग आता म्हणा, तीन त्रिक नऊ. चार चोक सोळा. दोन्हीची बेरीज करा."

"पंचवीस," पिराजी म्हणाला, आणि मग त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "पाच पाचे पंचवीस."  चाळीस वर्षं जी खूण तो करत आला होता, तिला जगभर एक नाव होतं, आणि पोरं ती परीक्षेत लिहीत होती. त्या दिवशी जेवताना त्यानं बायकोला, तानाबाईला, ताटातल्या शेंगदाण्याच्या चटणीत बोटानं त्रिकोण काढून सगळं समजावलं. "आवं, भाकरी गार व्हाय लागली," तानाबाई म्हणाली, पण ऐकलं तिनं सगळं.

एका समीकरणावर मात्र मॅडमनीच हात टेकले. e चा iπ वा घात, अधिक एक, बरोबर शून्य. "हे नीट समजावायला मला वर्ष लागंल, मामा. एवढंच सांगते, गणितातली पाच मोठी माणसं हितं एका ओळीत आल्यात." पिराजीला तेवढंही पुरलं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी पाच मोठी माणसं एका पंगतीला बसली आणि शेवटी काही शिल्लक उरलं नाही, हे त्याला फार आवडलं. ती ओळ त्यानं सोनेरी रंगात लिहिली आणि काम संपल्यावरही बराच वेळ समोरच्या पायरीवर बसून तिच्याकडं बघितलं.

दुसरी भिंत द्विमान, म्हणजे बायनरी, संख्यांची. मॅडम पुण्याला ट्रेनिंगला निघाल्या होत्या. त्यांनी घाईघाईत कागद दिला आणि त्या गेल्या. वर मथळा होता, 'द्विमान संख्या : शून्य ते पंधरा'. खाली आकडे: ०, १, १०, ११, १००, १०१, असं करत शेवटी ११११. आता हे पिराजीला वाचता येत होतं. आकडेच तर होते. त्यामुळं विचारायचा प्रश्नच आला नाही.

आणि इथंच घात झाला. बालवाडीपासून हायस्कूलपर्यंत जिथं म्हणून त्यानं आकडे रंगवले, तिथं आकड्याखाली अक्षरात तो आकडा लिहायचाच, ही त्याची रीत. मॅडमच्या कागदावर अक्षरं नव्हती. बिचाऱ्या घाईत विसरल्या, असं मनाशी म्हणून त्यानं १० खाली 'दहा' लिहिलं, १०० खाली 'शंभर', १०१ खाली 'एकशे एक'. ११११ ला पोचल्यावर त्याला मथळ्यातलीही चूक दिसली. आकडे तर हजाराच्या पुढं गेले होते, मग पंधरा कुठले? त्यानं मॅडमची चूक पदरात घेतली आणि मथळा सुधारला: 'द्विमान संख्या : शून्य ते एक हजार एकशे अकरा'. अक्षर इतकं सुबक आलं होतं की काम झाल्यावर त्यानं स्वतःच स्वतःला शाबासकी दिली.

मुख्याध्यापक हंबीरराव सर मराठीचे. त्यांनाही भिंत बेहद्द आवडली. फोटो काढून त्यांनी मॅडमना पाठवला आणि लगेच मॅडमचा फोन आला. फोन ठेवून सर भिंतीपाशी आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"पिराजी, भिंत लई देखणी झालीया. पण सगळी चुकलीया. ते दहा म्हंजे दहा न्हाय, दोन हाय. शंभर म्हंजे चार."

"आसं कसं आसंल, सर?"

"मलाबी न्हाय कळलं कसं ते. पण सोमवारी दुपारी माजी विद्यार्थी यायचेत, त्यात चार जण इंजिनियर. आता पुन्यांदा घोळ नको. त्यापेक्षा फ्लेक्स छापून घेतो आणि ह्याच्यावर ठोकून टाकतो."

पिराजीला कुणी कानाखाली वाजवली असती तरी एवढं लागलं नसतं. त्याच्या हातच्या अक्षरांवर फ्लेक्स! सगळं गाव येता-जाता बघणार. पण रागवायचं कुणावर? उस्तादाची शिकवण त्यानंच मोडली होती. वाचता येणं म्हणजे समजणं नव्हे, एवढं साठीला कळायला हवं होतं, आणि ते त्याच्या मनाला लागलं.

"सर, रविवारपातूर वेळ द्या मला."

"आणि परत चुकलं तर?"

"तर माझ्या हातानं फ्लेक्स ठोकतो."

सर बरं म्हणाले, पण फ्लेक्सवाल्याला सोमवारी सकाळी यायला सांगूनच ठेवलं.

शनिवारी पिराजीनं ती भिंत पुन्हा पांढरी केली. आपलीच अक्षरं आपल्याच हातानं पुसताना त्यानं एकदाही मागं सरून बघितलं नाही. रविवारी सकाळी पुण्याहून परतलेल्या निशिगंधा मॅडम स्कूटीवरून आल्या. शाळा रिकामी होती. त्यांनी पाटीवर लिहून समजावायला सुरुवात केली: आपण दहा अंकांत मोजतो, इथं दोनच अंक, एकक, मग दोनाचं घर, मग चाराचं. पिराजी मान डोलवत होता, आणि मान डोलवणाऱ्या माणसाला समजलेलं नसतं हे कुठल्याही शिक्षकाला कळतं.

"मॅडम, हे दहा न्हाय, दोन हाय म्हंता. मग खऱ्या दहाला काय म्हणायचं? त्यो कुठं गेला?"

पुन्हा पाटी पुसली, पुन्हा सगळं सांगून झालं. शेवटी पिराजी उठला. "जाऊ द्या. मी भिंत आखून घेतो. कागदावरचं हाय तसं उतरवून काढतो, तुमी मागं हुबं ऱ्हावा." हे बोलताना त्याला स्वतःचीच लाज वाटली, कारण न समजता उतरवणं म्हणजे छापखान्याचं काम, आणि तेवढं तर फ्लेक्सही करतो.

भिंत आखायची त्याची पद्धत अशी, की टेप वापरायचा नाही. भिंतीच्या लांबीची सुतळी घ्यायची आणि दुमडायची. एक घडी, मध्य मिळाला. आणखी एक घडी, चार भाग. आणखी एक, आठ. आणखी एक, सोळा. घड्यांच्या जागी खडूची खूण केली की सगळे रकाने सारखे. मॅडम बघत होत्या. चौथ्या घडीला त्या पुढं आल्या.

"मामा, थांबा. ही सुतळी कापू दे मला."

त्यांनी सोळा वीत सुतळी मापली. निम्म्यात कापली, आठ वितींचा एक तुकडा बाजूला ठेवला. उरलेली पुन्हा निम्म्यात, चार वितींचा. मग दोनाचा, मग एकाचा. राहिलेला वीतभर शेवट पर्समध्ये टाकला आणि चार तुकडे पायरीवर मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीनं मांडले.

"आता ह्यातनं मला पाच वीत लांबी द्या. तुकडा कापायचा न्हाय."

पिराजीनं चाराचा आणि एकाचा तुकडा उचलला.

"जो उचलला त्याच्या जागी एक लिहा. जो ठेवला त्याच्या जागी शून्य."

आठाचा ठेवला, शून्य. चाराचा उचलला, एक. दोनाचा ठेवला, शून्य. एकाचा उचलला, एक. पिराजीनं पायरीवर खडूनं लिहिलं: ०१०१. मग पहिलं शून्य त्यानं स्वतःच पुसलं. उरलं १०१. पुसलेल्या भिंतीवर ह्याच्याखाली त्यानं 'एकशे एक' लिहिलं होतं.

"पाच," तो म्हणाला. "आयला, हे पाच हाय की!"

मग त्याला आवरणं कठीण झालं. तेरा मागितले नव्हते, तरी त्यानं आठाचा, चाराचा आणि एकाचा घेऊन तेरा केले आणि ११०१ लिहिलं. खरे दहा कुठं गेले होते तेही सापडले, आठ आणि दोन, १०१०. सहा आणखी कुठल्या रीतीनं होतात का म्हणून त्यानं तुकडे चारदा उचलले-ठेवले. होत नव्हते. प्रत्येक आकड्याची एकच रीत, आणि एकही आकडा वगळलेला नाही. मॅडम डबा उघडून बसल्या, त्यांनी त्यालाही धपाटे दिले, पण पिराजीचं लक्ष खाण्यात नव्हतं. इतका मजेत तो मुलीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच होता, आणि तसं त्यानं मॅडमना सांगूनही टाकलं.

संध्याकाळपर्यंत भिंत झाली. मथळा, आकडे, आणि आकड्यांखाली अक्षरं, कारण रीत ती रीत. १०, दोन. १००, चार. ११११, पंधरा.

सोमवारी सकाळी हंबीरराव सर आले, त्यांच्यामागं फ्लेक्सची गुंडाळी काखेत धरलेला माणूस. सरांनी भिंत वरपासून खालपर्यंत वाचली. भिंत बरोबर असल्याचं मॅडम सांगत होत्या, पण सरांचं समाधान होईना.

"मॅडम मागं हुब्या होत्या, त्यामुळं बरोबर आसणारच. पण पिराजी, दुपारी त्या इंजिनियर लोकांनी तुला विचारलं तर? पंधरा तर कागदावर हायत. मला वीस लिहून दाखीव."

मॅडम काही बोलायला गेल्या, सरांनी हात वर केला. पिराजीनं ब्रश उचलला आणि भिंतीपुढं उभा राहिला. चारही तुकडे उचलले तरी पंधराच होत होते. त्याचा ब्रश हवेत तसाच राहिला. मग तो डाव्या बाजूला थोडा सरकला. आठाच्या अलीकडं आणखी एक तुकडा लागणार होता, त्याच्या दुप्पट, सोळाचा. तो उचलला तर राहिले चार. त्यानं सावकाश लिहिलं: १०१००.

लिहून झाल्यावर हात सवयीनं आकड्याखाली गेला. इतक्या वर्षांची सवय ती, ब्रश अक्षराला टेकलासुद्धा. मॅडमनी डोळे मिटून घेतले. पिराजीनं खाली लिहिलं, 'वीस', आणि वेलांटी एका दमात काढून ब्रश बाजूला घेतला.

सरांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी डोळे उघडून भिंतीकडं बघितलं आणि मान हलवली.

"जावा पावणं, घेऊन जावा ते," सर फ्लेक्सवाल्याला म्हणाले. "आणि पिराजी, एकवीसबी येतंय काय?"

"त्यात काय, शेवटच्या शून्याचा एक करायचा," पिराजी म्हणाला. त्यानं मागं वळूनही बघितलं नाही. उरलेल्या भिंतीवर तो सुतळी धरून बघत होता, आणखी किती आकडे बसतील ते.